वेगात दडलेली उंची

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे गच्चीवरची टाकी हा इथल्या घरांचा मोठा आधार असतो. पाणी आले की आधी खालचा हौद भरतो, मग मोटर लावून ते वर चढवले जाते, आणि पुढचे दोन-चार दिवस वीज असो वा नसो, तोटी उघडली की पाणी धो धो खाली येते. मोटर तर केव्हाच बंद झालेली असते. मग हे पाणी आता कोण ढकलते? मोटरने केलेले काम वाया गेलेले नसते. ते पाण्याच्या उंचीच्या रूपाने गच्चीवर जमा राहिलेले असते आणि तोटी उघडताच वेगाच्या रूपाने खर्ची पडू लागते. उंचीमुळे वस्तूत साठलेल्या या ऊर्जेला स्थितिज ऊर्जा म्हणतात आणि हालचालीमुळे वस्तूच्या अंगी असलेल्या ऊर्जेला गतिज ऊर्जा. शाळेत या दोन्हींची सूत्रे आपण पाठ केलेली असतात, त्यांवरची गणितेही सोडवलेली असतात. परंतु आपण चालतो कसे, मागावर आडवा धागा नेणारा धोटा का थकवतो आणि दुचाकीचा वेग थोडा वाढला तर अपघात एवढा भीषण का होतो, या साऱ्यांची उकल त्याच दोन सूत्रांत आहे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते.

आधी टाकीचाच हिशोब पाहू. स्थितिज ऊर्जा काढण्यासाठी वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करायचा असतो. गुरुत्वत्वरण म्हणजे पृथ्वीच्या ओढीमुळे पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते. त्याचे मूल्य सुमारे ९.८ आहे. ऊर्जेचे एकक जूल आहे, आणि साधारण १०० ग्रॅमची वस्तू एक मीटर वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी म्हणजे एक जूल. टाकीत १००० लिटर पाणी असेल तर त्याचे वस्तुमान १००० किलो झाले; ते १० मीटर उंचीवर असेल तर साठलेली ऊर्जा ९८,००० जूल झाली. आकडा मोठा वाटतो, पण विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल असतात, त्यामुळे संपूर्ण टाकी वर चढवायला प्रत्यक्षात एका युनिटचा सुमारे छत्तिसावा भाग एवढीच ऊर्जा लागते. मोटर आणि पंपातली गळती धरून हा खर्च दुप्पट-तिप्पट झाला तरी तो युनिटाच्या दहाव्या भागाच्या आतच राहतो. आणखी एक तुलना मला नेहमी थक्क करते: सहा ग्रॅम साखरेत, म्हणजे चहाच्या दीड चमच्यात, जवळपास एवढीच ऊर्जा रासायनिक रूपात असते.

उंचीतून मिळणारी ऊर्जा किती विरळ असते हे यावरून ध्यानात यावे. ती भरपूर हवी असेल तर पाणीही अफाट लागते. उजनी धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि तिथल्या जलविद्युत केंद्राची क्षमता १२ मेगावॅट. समजा पाणी ३० मीटर उंचीवरून खाली येते आणि वाटेत काहीच वाया जात नाही, तरी वीज मंडळाचे एक युनिट तयार व्हायला १२,००० लिटर पाणी खाली सोडावे लागते. याउलट कोयनेत पाणी कितीतरी अधिक उंचीवरून, सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणाच्या बाजूला सोडले जाते, म्हणून तेवढ्याच पाण्यातून अनेक पटींनी वीज मिळते. पाणी तेच असते. फरक उंचीचा असतो.

उंची कुठून मोजायची, हा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, आणि तो रास्त आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. मग टाकीची उंची १० मीटर धरायची की ४६०? उत्तर असे की कोणतीही धरा, कारण व्यवहारात उपयोगी पडतो तो दोन जागांमधला फरकच. पाणी गच्चीवरून न्हाणीघरात येते, मुंबईच्या समुद्रात जात नाही, म्हणून आपल्या कामाचे १० मीटर. गतिज ऊर्जेचेही तसेच आहे. धावत्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बर्थवर झोपलेल्या प्रवाशाची गतिज ऊर्जा डब्याच्या दृष्टीने शून्य असते आणि रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने हजारो जूल असते. दोघेही बरोबर असतात, फक्त एका हिशोबात दोघांची मोजपट्टी मिसळायची नाही.

आता गतिज ऊर्जेकडे वळू, कारण खरी मेख तिच्यात आहे. तिचे सूत्र असे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचे निम्मे. यातला ‘वर्ग’ हा शब्द सूत्र पाठ करताना सहज निसटून जातो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग तिप्पट झाला की ऊर्जा नऊपट होते. हे माणसाच्या सहज बुद्धीला पटणारे नाही, आणि सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांतही यावर दीर्घ वाद झाला. गतीचे बळ वेगाच्या प्रमाणात मोजायचे की वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, असा तो वाद होता. हॉलंडमधील ग्राव्हेसांद या शास्त्रज्ञाने १७२० च्या दशकात मऊ मातीवर पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून टाकले आणि ते किती खोल रुतले ते मोजले. मातीवर आदळतानाचा वेग दुप्पट असेल तर गोळा दुप्पट नव्हे, चौपट खोल जातो, असे दिसून आले. फ्रान्समधील एमिली द्यु शातले या विदुषीने १७४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘वर्गा’च्या बाजूने ठाम मांडणी केली. स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद असलेल्या काळात तिने हे काम केले, म्हणून तिचे नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवे असे मला मनापासून वाटते.

त्या मातीच्या प्रयोगात वेग दुप्पट करायचा तर गोळा चौपट उंचीवरून टाकावा लागत होता. याचा अर्थ, उंची आणि वेगाचा वर्ग यांची जोडी पक्की आहे. वस्तू पडू लागली की उंचीच्या खात्यातून जेवढे कमी होते तेवढेच वेगाच्या खात्यात जमा होते, आणि वर फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत हीच नोंद उलटी होते. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर दोन्ही खात्यांची बेरीज बदलत नाही. यालाच ऊर्जा अक्षय्यतेचा नियम म्हणतात. विशेष म्हणजे दोन्ही सूत्रांत वस्तुमान सारखेच येते, त्यामुळे हिशोब करताना ते दोन्ही बाजूंनी निघून जाते. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर लहान मुलगी बसो की तिची आजी, झोका सर्वांत वरच्या बिंदूपासून १.८ मीटर खाली येणार असेल तर तळाशी दोघींचाही वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर, म्हणजे ताशी साधारण २१ किलोमीटर असेल. म्हणूनच प्रत्येक वेगाची एक ठरलेली उंची असते: त्या वेगाला पोहोचण्यासाठी जेवढ्या उंचीवरून पडावे लागेल तेवढी. ही उंची डोळ्यांना दिसत नाही, पण ती असते, आणि रस्त्यावरच्या अपघातांचा विचार करताना ती मोजून पाहिलीच पाहिजे.

त्याआधी चालण्याविषयी. आषाढीला पंढरपूरकडे जाणारा वारकरी दिवसाला २० किलोमीटरच्या आसपास चालतो. सपाट रस्त्यावर चालताना आपण वरखाली होत नाही असे आपल्याला वाटते, पण शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सारे वजन जणू जिथे एकवटलेले असते तो ढोबळमानाने कमरेजवळचा बिंदू, दर पावलाला चारेक सेंटीमीटर वर जातो आणि पुन्हा खाली येतो. पाय टेकवून शरीर त्यावरून पुढे जाते तेव्हा तो पाय ताठ असतो आणि कंबर सर्वांत उंच असते. दोन्ही पाय फाकलेले असतात तेव्हा ती सर्वांत खाली असते. २० किलोमीटरला साधारण ३०,००० पावले धरली तर दिवसभरातल्या या बारीक-बारीक चढांची बेरीज १,२०० मीटर होते. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे माळशिरस-वेळापूरच्या सपाट वाटेवर चालणारा वारकरी नकळत त्याच्या जवळजवळ तीन चतुर्थांश उंची दिवसाला चढतो आणि उतरतो.

इतका चढ रोजचा असेल तर माणूस आठवडाभरात गळून जायला हवा. तसे होत नाही, कारण कंबर वर जाते तेव्हा शरीराचा पुढे जाण्याचा वेग थोडा कमी होतो आणि कंबर खाली येते तेव्हा तो पुन्हा वाढतो. ६० किलोच्या माणसाला चार सेंटीमीटर वर जाण्यासाठी सुमारे २४ जूल लागतात. ते बरेचसे त्याच्या स्वतःच्याच वेगातून येतात आणि खाली येताना वेगाला परत मिळतात. शास्त्रज्ञ या चालीला उलटा लंबक म्हणतात, कारण लंबकाचा खिळा वर आणि गोळा खाली असतो, तर इथे टेकलेले पाऊल हा खिळा आणि वर झुलणारे शरीर हा गोळा असतो. आपल्या सहज चालीत, म्हणजे ताशी चार ते पाच किलोमीटरच्या वेगात, ही अदलाबदल सर्वांत चांगली होते आणि साधारण ६० ते ६५ टक्के ऊर्जा अशी परत वापरली जाते. उरलेली मात्र स्नायूंना दर पावलाला नव्याने घालावी लागते. फार रेंगाळत चाललो किंवा फार घाईने चाललो तर वेगातला आणि उंचीतला बदल एकमेकांना पुरेसा जुळत नाही आणि स्नायूंवरचा बोजा वाढतो. लग्नाच्या वरातीत मुंगीच्या पावलाने चालताना पाय दुखू लागतात, त्याचे एक कारण हेही आहे.

धावण्याची तऱ्हा वेगळी आहे. धावताना पाय टेकलेला असतो त्या क्षणी शरीर सर्वांत खाली असते आणि वेगही तेव्हाच कमी झालेला असतो, त्यामुळे उंची आणि वेग एकमेकांना उसने देऊ शकत नाहीत. तिथे तिसरी सोय उपयोगी पडते: टाचेमागचा जाड कंडरा ताणला जाऊन ऊर्जा साठवतो आणि पाऊल उचलताना तिच्यातला ९० टक्क्यांहून अधिक भाग परत देतो. ताणलेल्या रबरात किंवा दाबलेल्या स्प्रिंगमध्ये असते तीच ही ऊर्जा. तीही स्थितिज ऊर्जेचाच एक प्रकार आहे, फक्त तिचा उंचीशी संबंध नाही.

वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या बायका आणि आपल्या खेड्यांतून घागरी-हंडे वाहून नेणाऱ्या बायका पाहिल्या की त्यांच्या चालीतला डौल नजरेत भरतो. त्या डौलामागचे शास्त्र केनियातल्या लुओ आणि किकुयू समाजातल्या स्त्रियांचा अभ्यास करताना समोर आले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की शरीराच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंतचे ओझे डोक्यावर असताना या स्त्रियांचा प्राणवायूचा वापर ओझ्याशिवाय चालताना होतो त्याहून वाढतच नव्हता. पुढील संशोधनातून कारण उमगले: ओझे घेतल्यावर त्यांच्या चालीतली उंची-वेगाची अदलाबदल आणखी नेमकी होत होती. हे लहानपणापासूनच्या सवयीने शरीरात मुरलेले कौशल्य आहे. ते काम हलके आहे असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. घागर उचलून डोक्यावर ठेवण्याचे आणि मानेने तोलण्याचे कष्ट या मोजमापात आलेले नाहीत.

पायऱ्या चढताना मात्र परतफेड नसते. ६० किलोचा माणूस तीन मजले, म्हणजे सुमारे १० मीटर चढला तर त्याच्या खात्यात ५,८८० जूल जमा होतात. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच कामात आणतात, बाकीची उष्णता होते आणि म्हणून घाम येतो. तेव्हा प्रत्यक्ष खर्च २३,००० ते २४,००० जूल, म्हणजे साडेपाच किलोकॅलरी धरावा. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत साधारण १७० किलोकॅलरी असतात. एका भाकरीवर तीन मजले तीस वेळा चढता येतात, हे गणित वजन कमी करू पाहणाऱ्यांना निराश करणारे असले तरी शरीर नावाच्या यंत्राबद्दल आदर वाढवणारे आहे.

स्थितिज ऊर्जेचे सर्वांत देखणे दर्शन सोलापूरकराला संक्रांतीच्या दिवसांत घडते. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला जातात, आणि सुमारे ३० फूट उंचीची ती सजवलेली काठी बाराबंदी घातलेला एकेक भक्त पेलत नेतो. एवढी उंच आणि जड काठी उभी तोलणे ही केवळ ताकदीची बाब नाही. काठी उभी असते तेव्हा तिचा गुरुत्वमध्य शक्य तितका वर असतो, म्हणजेच तिची स्थितिज ऊर्जा सर्वाधिक असते, आणि कोणत्याही बाजूला ढळली तरी ती कमीच होणार असते. अशा अवस्थेला अस्थिर समतोल म्हणतात. पण कोन लहान असताना हे कमी होणे फारच अल्प असते. काठी सगळीकडे सारख्या जाडीची आणि नऊ मीटर लांबीची धरली तर तिचा गुरुत्वमध्य साडेचार मीटरवर येतो. ती एका अंशाने कलली की टोक सुमारे १६ सेंटीमीटर सरकते, पण गुरुत्वमध्य खाली येतो तो अवघा ०.७ मिलिमीटर. पाच अंशांना तो १७ मिलिमीटर येतो, आणि ३० अंशांना तब्बल ६० सेंटीमीटर.

याचा अर्थ असा की सुरुवातीच्या क्षणी काठीला वेग देण्यासाठी ऊर्जा जवळजवळ मोकळी झालेलीच नसते, म्हणून ती सावकाश ढळते, आणि तेवढ्यात टोक मात्र डोळ्याला सहज दिसेल इतके सरकलेले असते. पेलणाऱ्याला सावरायला वेळही मिळतो आणि इशाराही मिळतो. नऊ मीटरच्या काठीचा झुकाव पावणेतीनपट व्हायला सुमारे ०.८ सेकंद लागतात. बोटावर उभ्या केलेल्या एक फुटाच्या पट्टीला तेवढ्याच वाढीस ०.१४ सेकंद पुरतात. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला ०.२ सेकंद तरी लागतात, त्यामुळे पट्टी पडते आणि नंदीध्वज तोलता येतो. उंच काठी तोलायला लहान काठीपेक्षा सोपी, हे विधान प्रथम ऐकताना चुकीचे वाटते. घरच्या केरसुणीवर आणि शाळेच्या पट्टीवर ते कुणीही पडताळून पाहू शकतो. अर्थात ‘सोपी’ हे सावरायला मिळणाऱ्या वेळेपुरते खरे आहे. एकदा कोन वाढला की मोकळी होणारी ऊर्जा झपाट्याने वाढते आणि मग तेवढी जड काठी एकट्याला आवरत नाही. पेलणारा पहिल्या एक-दोन अंशांतच पाय सरकवून काठी पुन्हा उभी करतो, सारे कसब त्या एक-दोन अंशांत आहे.

गतिज ऊर्जा पाहायची तर यंत्रमागाच्या कारखान्यात जावे. सोलापूरची चादर विणताना उभे धागे आळीपाळीने वरखाली होतात आणि त्यांच्यामधून आडवा धागा घेऊन धोटा एका बाजूच्या पेटीतून दुसऱ्या बाजूच्या पेटीत जातो. लाकडी दांड्याचा फटका बसला की धोटा सुटतो, पलीकडच्या पेटीत शिरतो, तिथे दाबून थांबवला जातो, आणि लगेच उलटा फटका बसतो. मिनिटाला शंभर किंवा अधिक वेळा हे घडते, आणि कारखान्याच्या बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येणारा खडखडाट त्यातून होतो. धोट्याचे वजन ४०० ग्रॅम आणि वेग सेकंदाला १२ मीटर धरला तर दर फेकीला सुमारे २९ जूल लागतात. आता त्याने वाहून नेलेल्या मालाकडे पाहा. चादरीच्या दीड मीटर रुंदीत पडणाऱ्या जाड सुताचे वजन एक दशांश ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे एका फेकीत जेवढा धागा पडतो त्याच्या सुमारे चार हजारपट वजन फेकायचे आणि थांबवायचे, आणि ती ऊर्जा पलीकडच्या पेटीत आवाज, हादरा आणि उष्णता होऊन संपते. पुढच्या फेकीला पुन्हा नव्याने २९ जूल.

मागाची गती दहा टक्क्यांनी वाढवली तर काय होईल? धोट्याला तेवढेच अंतर कमी वेळात कापायचे आहे, म्हणून त्याचा वेग दहा टक्के वाढतो आणि दर फेकीची ऊर्जा २१ टक्के वाढते. शिवाय मिनिटाला फेकीही दहा टक्के जास्त होतात. दोन्ही मिळून धोटा फेकण्यावरचा विजेचा खर्च ३३ टक्के वाढतो. कापड मात्र दहा टक्केच जास्त मिळते, आणि फटके खाणारे भाग त्याहून लवकर झिजतात. जुन्या मागाची गती एका मर्यादेपुढे का जात नाही, याचे उत्तर कारागिराच्या आळसात किंवा मालकाच्या कंजूषपणात शोधू नये. ते वेगाच्या वर्गात आहे. यातून सुटण्याचा मार्ग एकच होता, फेकायची वस्तू हलकी करणे. १९५३ मध्ये बाजारात आलेल्या स्विस बनावटीच्या सुल्झर मागात अवजड धोट्याच्या जागी ४० ग्रॅमचा लहानसा धातूचा तुकडा आला आणि त्याला वेग देण्यासाठी पोलादी दांडीला पीळ देऊन तिच्यात साठवलेली स्थितिज ऊर्जा एकदम सोडण्याची युक्ती योजली गेली. हा तुकडा सेकंदाला २५ मीटर वेगाने गेला तरी त्याची ऊर्जा साडेबारा जूलच भरते. वेग दुपटीहून अधिक आणि खर्च निम्म्याहून कमी. पुढे रेपियर माग आले, ज्यात धागा पकडून नेणारा हात आत-बाहेर करतो आणि काही फेकावेच लागत नाही. सोलापुरात टॉवेल विणणारे असे माग आज चालू आहेत.

आता रस्ता. वर म्हटल्याप्रमाणे प्रत्येक वेगाला एक उंची असते. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सुमारे ६.३ मीटर, दोन मजल्यांची उंची. ताशी ६० म्हणजे १४ मीटर, साडेचार मजले. ताशी ८० म्हणजे २५ मीटर, आठ मजले. विजापूर रस्त्यावर किंवा होटगी रस्त्यावर रिकामा रस्ता पाहून मुलगा ४० वरून ८० वर जातो तेव्हा तो दुसऱ्या मजल्यावरून आठव्या मजल्यावर गेलेला असतो, आणि समोर अचानक काही आले तर तिथूनच त्याला खाली यायचे असते. आठव्या मजल्याच्या कठड्यावर उभे राहायला कुणी धजावत नाही, कारण उंची डोळ्यांना दिसते. वेगाची उंची दिसत नाही, आणि म्हणूनच माझ्या मते लायसन्स देताना ती शिकवायला हवी.

ब्रेक लावल्यावर ही सारी ऊर्जा ब्रेकच्या आणि टायरच्या घर्षणात उष्णता होऊन जाते, आणि त्यासाठी अंतर लागते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाला ब्रेक लावल्यापासून सुमारे ९ मीटर लागतात, ६० ला २० मीटर, ८० ला ३६ मीटर. त्याआधी धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तरी जातो. समजा सात रस्त्याच्या चौकाकडे दोन दुचाकी शेजारीशेजारी येत आहेत, एक ४० ने आणि दुसरी ६० ने, आणि दोघांनाही एकाच क्षणी समोर रस्ता ओलांडणारे मूल दिसले. पहिला २० मीटरवर थांबतो. दुसरा त्याच जागी पोहोचतो तेव्हा त्याने ब्रेक नुकताच दाबलेला असतो आणि त्याचा वेग अजून ताशी जवळजवळ ५५ किलोमीटर असतो. ‘वीसच किलोमीटर जास्त’ या शब्दांचा हा खरा अर्थ आहे.

चालकासह १८० किलोच्या दुचाकीत ताशी ६० च्या वेगाला २५,००० जूल असतात. उष्णतेच्या हिशोबात एवढ्यात सहा लिटर पाणी जेमतेम एका अंशाने तापेल. मग तीच ऊर्जा जीवघेणी का ठरते? कारण ऊर्जा किती आहे याइतकेच ती किती अंतरात संपते हे महत्त्वाचे असते. अंतर जितके कमी तितके बल जास्त. हेल्मेटचे काम नेमके इथे आहे. माणसाचे डोके साधारण ५ किलोचे असते. उभ्या दुचाकीवरून तोल जाऊन ते दीड मीटर उंचीवरून जमिनीवर आदळले तरी त्यात ७३ जूल असतात. ही ऊर्जा दोन मिलिमीटरमध्ये संपली तर डोक्यावर सरासरी साडेतीन टनांहून अधिक वजनाएवढे बल येते. हेल्मेटच्या आतला फेसासारखा थर अडीच सेंटीमीटर दबत गेला तर तेच बल बाराव्या-तेराव्या हिश्शावर येते. वरचे कठीण कवच नव्हे, तर आतला तो दबणारा थर जीव वाचवतो, आणि तो एकदा दबला की पुन्हा फुलत नाही. जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी ते बदललेच पाहिजे, आणि आत नुसता पातळ स्पंज असलेली रस्त्याकडेची टोपी घेऊ नये.

वस्तुमानाकडेही दुर्लक्ष नको. हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर सगळा मिळून २५ टनांचा धरला आणि त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच असला, तरी त्याची गतिज ऊर्जा वरच्या दुचाकीच्या पंधरापट भरते. तो हळू आहे म्हणून तो पटकन थांबेल, असे गृहीत धरून त्याच्यासमोरून कट मारणे धोक्याचे आहे.

ब्रेकमध्ये गेलेली ऊर्जा नाहीशी होत नाही, ती उष्णता होऊन आसपास पसरते, हे इंग्लंडमधील जेम्स जूल याने १८४० च्या दशकात पडत्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवून आणि पाण्याचे तापमान मोजून दाखवले. त्याच्याच मापाने पाहिले तर पाणी एका अंशाने तापायला ते सुमारे ४२७ मीटर उंचीवरून पडावे लागते; जोगचा २५३ मीटरचा धबधबा फार तर ०.६ अंशाने कोमट होईल. अशी पसरलेली उष्णता गोळा करून पुन्हा वेग किंवा उंची मिळवणे जवळपास अशक्य असते. म्हणून शहाणपण ती उष्णता होण्याआधी पकडण्यात आहे. सोलापूरहून मुंबईला जाणारी गाडी लोणावळ्यानंतर भोर घाट उतरते. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर जास्तीत जास्त चढ ३७ मीटरला एक मीटर इतका आहे आणि कर्जतपर्यंतचा एकूण उतार सुमारे ५५० मीटरचा. १००० टनांची गाडी हा घाट उतरताना सुमारे १,५०० युनिट विजेएवढी स्थितिज ऊर्जा सोडते. पूर्वी ही ऊर्जा मुख्यतः ब्रेक आणि चाके तापवण्यात जात असे. नव्या थ्री-फेज इंजिनांत उतारावर मोटर उलटी वापरून जनित्रासारखी चालवतात; तीच गाडीला रोखते आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत सोडते, जिथून त्याच वेळी घाट चढणारी दुसरी गाडी ती घेऊ शकते. विजेवरच्या स्कूटरमध्येही हीच व्यवस्था लहान प्रमाणात असते आणि मिळालेली वीज बॅटरीत जाते. दोन्हीकडे सर्व ऊर्जा परत मिळत नाही, कारण हवेचा अडथळा आणि मोटर व तारा यांच्यातली गळती आपला हिस्सा घेतेच. शिवाय मोटरची रोखण्याची ताकद मर्यादित असते, त्यामुळे कचकन थांबायचे असेल तर आजही साधा ब्रेकच दाबावा लागतो.